उंची खुंटत नाही, गुडघा वाचतो

"मुलीनं वजनं उचलायची? उंची खुंटेल तिची!"

रविवारी जेवणं आटोपल्यावर आईने निकाल देऊन टाकला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, आता तूच सांग आजीला."

भाची चौदा वर्षांची. बेळगावात शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते. नव्या प्रशिक्षकांनी आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम सक्तीचे केले होते. त्याला कारणही तसंच होतं. गेल्या मोसमात तिच्याच संघातली एक मुलगी हेडर मारून खाली आली, गुडघा आत वळला आणि ती जागीच बसली. कुणी साधा धक्काही दिला नव्हता. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, वर्ष हातचं गेलं. ती अजून मैदानाबाहेरच आहे.

त्या दिवशी आईला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वाचायला बसलो. तुमच्याही घरात फुटबॉल खेळणारं कुणी असेल, तर हे उपयोगी पडेल.

ताकद हवी कशाला?

मोठ्यांच्या सामन्यात खेळाडू साधारण दहा किलोमीटर धावतो. म्हणून आपण समजतो, की दम असला म्हणजे झालं. पण सामन्याचा निकाल लागतो तो दोन-चार सेकंदांच्या क्षणांत. जर्मनीतल्या व्यावसायिक सामन्यांतले 360 गोल तपासले, तेव्हा दिसलं, की गोल करणाऱ्याने त्याआधी सर्वांत जास्त वेळा, म्हणजे 45 टक्के गोलांत, सरळ वेगाची धाव घेतली होती. नॉर्वेत 17 अव्वल खेळाडूंची चाचणी झाली. 2004 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खांद्यावर भार घेऊन जो जास्त वजनाची बैठक मारत होता, तो पहिल्या दहा मीटरमध्येही वेगवान होता आणि उडीही उंच मारत होता.

ही झाली मोठी माणसं. वयात येण्यापूर्वी मुलांची ताकद वाढते, पण स्नायू फारसे फुगत नाहीत. मेंदू आणि मज्जातंतू आहे तेच स्नायू अधिक चांगले वापरायला शिकतात. म्हणजे ही एक प्रकारे शिकवणीच. शिकवणी बंद केली, की काही आठवड्यांत कमावलेलं ओसरायला लागतं, हेही खरं.

उंचीचं काय?

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या पट्ट्या असतात. जड वजनाने त्या दुखावतील, ही आईची भीती जुनी आहे आणि बऱ्याच घरांत आहे. पण नीट शिकवलेल्या, देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 च्या आपल्या निवेदनात अशा व्यायामाला पाठिंबाच दिला आहे. दुखापती होतात त्या बहुधा घरी, कुणी पाहायला नसताना, मोठ्या भावाचे डंबेल्स उचलण्याच्या चढाओढीत.

खरं जपायचं असतं ते उंची झपाट्याने वाढते तेव्हा. मुलींत हे साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांत चौदाव्या वर्षी होतं. हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागे राहतात. कालपर्यंत चपळ असलेलं पोर अचानक अडखळायला लागतं. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागतं. अशा वेळी "दुखणं अंगावर काढ" म्हणू नका. उड्या आणि धावा कमी करा, डॉक्टरांना दाखवा. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा, म्हणजे ही वेळ लगेच ओळखता येते.

वीस मिनिटांचा उपाय

फिफाच्या वैद्यकीय केंद्राने नॉर्वे आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांबरोबर 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्म-अप तयार केला. पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं. आधी हळू धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाच्या धावा. जिम नको, यंत्रं नकोत. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या 1,892 मुलींवर एका पूर्ण मोसमात त्याची परीक्षा झाली. हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. एसीएल तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो, म्हणून हा आकडा मला फार मोलाचा वाटला.

त्यातले व्यायाम कुणालाही जमतील असे आहेत. कोपरांवर शरीर सरळ तोलून धरायचं, म्हणजे प्लँक. एका पायावर उभं राहून जोडीदाराकडे चेंडू टाकायचा. बैठका मारायच्या. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. हा शेवटचा व्यायाम मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगसाठी. पहिल्या दिवशी सगळेच तोंडावर येतात, तेव्हा हात पुढे ठेवा! आणि उडी मारून उतरताना गुडघे पायांच्या बोटांच्या रेषेत हवेत, आत वळता कामा नयेत. भाचीच्या मैत्रिणीचा घात नेमका तिथेच झाला होता. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी याच कार्यक्रमाची वेगळी, खेळकर आवृत्ती आहे.

घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं:

• आठवड्यातून दोन दिवस पुरे. मध्ये एक-दोन दिवस विश्रांती हवी.
• सुरुवात आपल्याच शरीराच्या वजनावर. एका फेरीत आठ ते पंधरा वेळा. पद्धत बिघडली, की थांबायचं.
• भार नंतर, थोडा थोडा, आणि जाणकाराच्या नजरेसमोरच.
• पावडरचे डबे आणू नका. दूध, उसळ, अंडी, भाकरी पुरेशी आहे.
• झोप आठ ते दहा तास. रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत.

तालीम आणि फुटबॉल

हे सगळं आईला सांगितलं. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर काही दिसेना. मग मी तिच्या माहेरी वळलो, कोल्हापूरला. "आई, तिकडच्या फुटबॉल संघांची नावं सांग बघू."

"पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम..." ती थांबली. तालमीच्या नावाने फुटबॉल खेळणारं तिचंच गाव. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांच्या गोष्टी तिनेच आम्हाला सांगितलेल्या.

"आमचा दादा पहाटे जोर-बैठका काढायचा आणि संध्याकाळी फुटबॉल खेळायचा," ती म्हणाली. "बुटका नाही राहिला हो. दारातून वाकून यायचा."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भाची आमच्या अंगणात असते. आजी खुर्ची टाकून बसते आणि प्रत्येक उडीला ओरडते, "गुडघा आत गेला बघ!"

प्रशिक्षकांची नजर इतकी कडक नसेल.