टेलिफोनची हजेरी

गेल्या पावसाळ्यांतील एक प्रसंग आमच्या कचेरींतील सर्वांच्या चांगलाच स्मरणांत राहिला आहे. रात्रीं विजांचा कडकडाट झाला आणि कचेरींतील राउटर जळाला. सकाळीं कारागिरानें नवा राउटर बसविला. संगणक सुरू झाले, इंटरनेट आलें आणि सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु कचेरींतील सातहि टेलिफोन मुके झाले आहेत, हें दुपारपर्यंत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तिसऱ्या प्रहरीं वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याचे वडील दहा-बारा कोसांवरून स्वतः येऊन उभे राहिले. मुलाची आजी अत्यवस्थ होती आणि ते सकाळपासून टेलिफोन करीत होते. त्यांना ठाऊक असलेला क्रमांक तो एकच. आजी-नातवाची भेट झाली, हें भाग्यच. पण जो निरोप क्षणांत पोहोंचावयाचा त्याला अर्धा दिवस लागला. त्या दिवशीं या यंत्राविषयीं जें समजलें, तें विद्यार्थी मित्रांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहें.

मुंबईंत टेलिफोनचें एक्स्चेंज १८८२ सालीं सुरू झालें. त्या जुन्या पद्धतींत प्रत्येक टेलिफोनपासून एक्स्चेंजपर्यंत स्वतंत्र तार असे. तार ज्या घरीं गेली, क्रमांक त्या घरचा. त्यामुळें टेलिफोनला आपली ओळख सांगावी लागत नसे. आजच्या कचेऱ्यांतील आयपी टेलिफोनची गोष्ट निराळी आहे. त्यांत आवाजाचे लहान लहान तुकडे होऊन ते संगणकांच्याच तारेवरून जातात. हा टेलिफोन आज या मेजावर, तर उद्यां पलीकडच्या खोलींत असूं शकतो. मग अमुक क्रमांक कोठें आहे, हें एक्स्चेंजला कसें कळावें? टेलिफोननें स्वतःच तें कळविलें पाहिजे. या कळविण्यालाच नोंदणी म्हणतात. मोठ्या कचेऱ्यांत ही नोंदणी घेणारा सर्व्हर वेगळा असतो किंवा तो कंपनीकडे, इंटरनेटच्या पलीकडे असतो. लहान कचेऱ्यांत कांहीं ठिकाणीं राउटरच तें काम करतो. आमच्या कचेरींतील व्यवस्था या दुसऱ्या प्रकारची आहे.

ही नोंदणी म्हणजे वर्गांतील हजेरीच समजा. बहुतेक टेलिफोन ‘सिप’ नांवाच्या नियमांप्रमाणें बोलतात. आज वापरांत असलेले त्याचे मुख्य नियम २००२ सालीं प्रसिद्ध झाले. टेलिफोन म्हणतो, ‘मी क्रमांक १२, माझा सध्याचा पत्ता अमुक.’ एक्स्चेंज बहुधा ४०१ या अंकाचें उत्तर देतें. म्हणजे, ‘ओळख पटवा.’ त्यासोबत तें एक तात्पुरती खूण पाठवितें. ती खूण व स्वतःचा पासवर्ड यांच्यापासून टेलिफोन गणितानें एक नवें उत्तर तयार करून धाडतो; पासवर्ड मात्र उघडा तारेवर जात नाहीं. उत्तर जुळलें कीं एक्स्चेंज २०० हा अंक देतें आणि हजेरी लागते. ही हजेरी ठराविक मुदतीची असते, पुष्कळदां ३६०० सेकंदांची. मुदत संपण्यापूर्वीं ती पुन्हां लावावी लागते. ती चुकली तर पडदा उजळलेला असूनहि टेलिफोन गैरहजरच राहतो.

नोंदणी होत नसेल तेव्हां पहिला प्रश्न हा विचारावा : टेलिफोनला उत्तरच येत नाहीं, कीं नकार येतो? मौन असेल तर दोष वाटेंत किंवा पत्त्यांत आहे. नकार असेल तर वाट मोकळी असून दोष ओळखींत आहे. एवढा एक भेद ध्यानांत ठेविला म्हणजे निम्मा शोध संपतो.

मौन असेल तर पायरीपायरीनें जावें. प्रथम वीज पाहावी. पुष्कळ टेलिफोनांना जाळ्याच्या तारेंतूनच वीज मिळते; तेव्हां पडदा काळा असेल तर ती तार व ती जेथें जोडली आहे तो स्विच तपासावा. नंतर टेलिफोनच्या पडद्यावर त्याचा स्वतःचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनीं सुरू होत असेल, तर पत्ते वांटणाऱ्या यंत्रापर्यंत तो पोहोंचलाच नाहीं असें समजावें. पत्ता ठीक असेल तर तो हजेरी कोणाकडे मागतो आहे, म्हणजे त्यांत लिहिलेला सर्व्हरचा पत्ता कोणता, हें पाहावें.

आमचा दोष येथेंच होता. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, नव्याचा १९२.१६८.०.१ झाला. संगणकांनीं नवा पत्ता आपोआप विचारून घेतला. टेलिफोनांत मात्र सर्व्हरचा जुना पत्ता हातानें लिहिलेला होता. बिऱ्हाड हलविलेल्या गुरुजींच्या जुन्या दारावर विद्यार्थ्यांनीं थाप मारीत बसावें, तसें चाललें होतें! पत्ता दुरुस्त करतांच सहा टेलिफोन हजर झाले. सातवा तरीहि होईना. पण आतां तेथें मौन नव्हतें, नकार होता. नव्या राउटरमध्यें त्याचा पासवर्ड भरतांना एक अंक चुकला होता. तो सुधारतांच सातवाहि बोलूं लागला.

एक्स्चेंज इंटरनेटच्या पलीकडे असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कांहीं राउटरांत ‘सिप एएलजी’ नांवाची सोय असते. ती टेलिफोनच्या संदेशांतील पत्ते वाटेंतच बदलते आणि मदतीऐवजीं पुष्कळदां घोटाळा करते. ती बंद करून पाहावी. तसेंच संदेश गुप्त लिपींत जात असतील तर टेलिफोनचें घड्याळ बरोबर असलें पाहिजे. तें फार चुकलें असेल तर सर्व्हरचें प्रमाणपत्र मुदतीबाहेरचें ठरतें आणि बोलणेंच खुंटतें.

शेवटीं दोन पथ्यें. दर वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती कागदावर टिपून ठेवावी. एकदम चार खटके फिरविणाऱ्याला कोणत्या खटक्यानें गुण आला हें कधींच कळत नाहीं. आणि यंत्र दुरुस्त झालें असें म्हणण्यापूर्वीं बाहेरून स्वतः एक टेलिफोन करून पाहावा. त्या सकाळीं आम्हीं संगणक चालूं झालेला पाहिला आणि काम संपलें असें मानलें. एवढी एक घंटा वाजवून पाहिली असती, तर एका पित्याचा अर्धा दिवस वाचला असता. आतां आमच्या कचेरींत रोज सकाळीं मुलांच्या हजेरीपूर्वीं टेलिफोनांची हजेरी घेतली जाते.