पामोप्लांटर केराटोडर्मा

पामोप्लांटर केराटोडर्मा हा तळहात व तळपाय यांची त्वचा जाड आणि कठीण होण्याच्या विकारांचा गट आहे. कोयता किंवा कुदळ चालवणाऱ्याच्या हातांना पडणारे घट्टे घर्षणामुळे होतात व काम थांबल्यावर हळूहळू विरतात. आनुवंशिक प्रकारांत दोष जनुकातच असल्याने त्वचा बहुधा बालपणापासून जाड होऊ लागते.

त्वचेच्या पेशींना केराटिन प्रथिनाच्या तंतूंचा आधार असतो. त्यांपैकी केराटिन ९ मुख्यत्वे तळहात-तळपायांतच आढळते. त्याच्या जनुकात उत्परिवर्तन झाल्यास तंतूंचे जाळे कोलमडते आणि दुबळ्या पेशींवरील थर जाड होत जातो. हे कारण १९९४ मध्ये उलगडले. हा दोष प्रभावी असल्याने आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. बाधिताच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता निम्मी असते. थोस्ट (१८८०) व फर्नर (१९०१) यांनी वर्णिलेले प्रकार दीर्घकाळ भिन्न मानले गेले. थोस्ट यांनी पाहिलेल्या कुटुंबाच्या वंशजांची शतकानंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दोन्ही एकच असावेत असे दिसून आले.

काही प्रकार अप्रभावी आहेत. त्यांत माता-पिता दोघेही निरोगी वाहक असतात व प्रत्येक अपत्यास विकाराची शक्यता एक चतुर्थांश असते. मामेबहिणीशी विवाहाची रूढी महाराष्ट्राच्या काही समाजांत आहे. अशा नात्यात दोघे एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. भारताशी निगडित ठळक उदाहरण कोचीच्या ज्यू समाजाचे आहे. तेथून इस्रायलला गेलेल्या कुटुंबांत हेम आणि मंक यांनी १९६५ मध्ये जाड त्वचेसह हिरड्यांचा तीव्र रोग व लांब, निमुळती बोटे नोंदवली. कॅथेप्सिन सी या विकराच्या जनुकातील दोष हे त्याचे कारण होय. पापियों-लफेव्र विकारही याच जनुकामुळे होतो. त्यात दुधाचे दात अकाली पडतात आणि नंतर कायमचेही.

म्हणूनच केवळ हात पाहून निदान करणे धोक्याचे ठरते. ग्रीसमधील नॅक्सोस बेटावर आढळलेल्या प्रकारात प्लाकोग्लोबिन हे प्रथिन सदोष असते. ते त्वचेच्या व हृदयस्नायूच्या पेशींना परस्परांशी जोडते. त्यामुळे जन्मतः लोकरीसारखे केस आणि जाड तळवे असलेल्या मुलास पुढे हृदयाचे ठोके बिघडून आकस्मिक मृत्यू येऊ शकतो. कनेक्सिन २६ च्या काही दोषांत बहिरेपणाही आढळतो.

मूळ दोष दूर करणारा उपचार सध्या प्रचलित नाही. युरिया किंवा सॅलिसिलिक आम्लयुक्त मलमाने त्वचा मऊ ठेवतात. तीव्र विकारात ॲसिट्रेटिन देतात. मात्र त्यामुळे गर्भात व्यंग निर्माण होत असल्याने औषध थांबवल्यानंतरही किमान तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते.