वाफेला वाट द्या, पाण्यालाही द्या

लोणी-धामणीचा पट्टा आंबेगाव तालुक्यातला कमी पावसाचा. तरी इथून थोडे पुढे गेले की पारगावच्या दत्तात्रयनगरात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याची चिमणी दिसते. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरला विघ्नहर कारखाना आहे आणि मंचरजवळ अवसरी फाट्याला परागची डेअरी. इथल्या घराघरातला पैसा ऊस आणि दुधातून येतो आणि या दोन्हींवर प्रक्रिया होते ती वाफेवर. भाव, उतारा, फॅट यांवर पारावर तासन्‌तास बोलणे होते. वाफेच्या लाइनवरचे वॉल्व, ट्रॅप आणि गाळण्या यांच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. खरे तर हंगाम सुरळीत जाणार की अडखळत, हे ठरवण्यात या सामानाचा वाटा मोठा असतो.

कारखान्यात वाफेला दोन कामे असतात. सहवीजनिर्मितीचा बॉयलर 67, 87 किंवा 110 किलो दाबाची वाफ देतो. ती आधी टर्बाइन फिरवते आणि वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडणारी एक्झॉस्ट वाफ जेमतेम दीड किलो दाबाची असते. हीच वाफ पुढे रस आटवते. डेअरीत दाब कमी आणि पसारा लहान, पण तत्त्व तेच.

आता मुद्द्याची गोष्ट. सात किलो दाबाची वाफ सुमारे 170 अंशांवर असते आणि तिच्यातली जवळपास तीन चतुर्थांश उष्णता सुप्त असते. वाफेचे पाणी होते त्या क्षणी ही उष्णता मिळते. म्हणजे वाफ जिथे जिथे काम करते तिथे तिथे पाणी होणारच. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते ताबडतोब बाहेर निघाले पाहिजे, वाफ मात्र जराही निसटता कामा नये. सगळ्या सामानाची निवड या एका वाक्याभोवती फिरते. वाफ कशी पोहोचवायची याचा विचार सगळेच करतात, पाणी कसे काढायचे याचा विचार राहून जातो.

राहून गेला तर काय होते? मुख्य लाइनमध्ये वाफ सेकंदाला 25 ते 40 मीटर वेगाने धावते. तळाशी साचलेले पाणी ती उचलते आणि त्याचा लोंढा पुढच्या बेंडवर किंवा वॉल्ववर आदळतो. हाच वॉटर हॅमर. यात गास्केट फुटतात, ट्रॅपचे फ्लोट चेपतात, कधी वॉल्वची बॉडीच तडकते. शेजारी माणूस उभा असेल तर त्याच्या जिवावर बेतते. म्हणूनच जुना फिटर नवख्याला पहिली ताकीद देतो, ‘आधी ड्रेन मार, लाइन गरम होऊ दे, मग वॉल्व उघड.’ पण माणसाच्या सावधपणाला लाइनच्या मांडणीची जोड हवी. लाइनला वाफेच्या दिशेने शंभरात एक उतार, दर 30 ते 50 मीटरवर पाणी गोळा करणारा ड्रेन पॉकेट, आणि फाटा काढायचा तो नेहमी मुख्य पाइपच्या माथ्यावरून. पॉकेट शंभर मिलिमीटरपर्यंतच्या लाइनला लाइनच्याच व्यासाचा असावा. खर्च वाचवायला तिथे अर्ध्या इंचाची नळी जोडली, तर धावते पाणी वरूनच निघून जाते. लाइन जिथे लहान होते तिथे तळ सपाट राहील असा एक्सेंट्रिक रेड्युसर बसवावा, नाहीतर पायरीशी पाण्याचे तळे होते. गाळणीचा खिसाही वाफेच्या आडव्या लाइनवर खाली लोंबता नको, आडवा हवा. कारण तेच.

पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारा स्टीम ट्रॅप ही या सगळ्यातली छोटी वस्तू आणि सर्वात जास्त चुका तिच्याच निवडीत होतात. ‘अर्ध्या इंचाची लाइन, अर्ध्या इंचाचा ट्रॅप’ अशी मागणी स्टोअरला जाते, पुरवठादार तसाच ट्रॅप पाठवतो आणि विषय मिटतो. ट्रॅप पाइपच्या मापावरून निवडायचा नसतो. तासाला किती किलो पाणी काढायचे आहे आणि ट्रॅपच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबात किती फरक आहे, यावरून तो ठरतो. शिवाय गार भांड्यात पहिल्यांदा वाफ सोडली की नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी होते, त्याची तरतूद वेगळी.

प्रकारही जागेप्रमाणे बदलतो. मुख्य लाइनच्या पॉकेटवर थर्मोडायनॅमिक ट्रॅप चालतो. तो दणकट असतो आणि आत फक्त एक तबकडी हलते. तोच ट्रॅप डेअरीच्या पाश्चरायझरसाठी पाणी तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरवर लावला तर घोटाळा होतो. तिथे कंट्रोल वॉल्व गरजेप्रमाणे वाफ कमी-जास्त करतो, दाब सतत बदलतो आणि पाणी मात्र अखंड निघायला हवे असते. या ठिकाणी बॉल फ्लोट ट्रॅपच हवा, तोही आतली हवा सोडणारा. दाब फारच उतरला तर फ्लोट ट्रॅपही पाणी ढकलू शकत नाही, एक्स्चेंजर अर्धा पाण्याने भरतो आणि तापमान हेलकावे खाते. दूध 72 अंशांवर 15 सेकंद राहिले नाही तर ते पुन्हा मागे वळवावे लागते. अशा वेळी ऑपरेटरला बोल लावला जातो, दोष मात्र एक्स्चेंजरखाली बसलेल्या चुकीच्या ट्रॅपचा असतो. कंडेन्सेट वर चढवायचे असेल तर ट्रॅपच्या भरवशावर न राहता पंपिंग ट्रॅप घ्यावा. तीन-चार भांड्यांना मिळून एकच ट्रॅप लावण्याची काटकसरही सोडून द्यावी. ज्या भांड्यात दाब जास्त, ते बाकीच्यांचे पाणी अडवते.

हवा हा दुसरा अडथळा. वाफ येण्याआधी लाइनमध्ये हवाच असते आणि हवेचा पातळ थरही उष्णता रोखून धरतो. साखर कारखान्यात यात रसाच्या बाष्पाबरोबर येणाऱ्या अमोनियासारख्या वायूंची भर पडते. कामगार त्यांना नॉक्सियस गॅस म्हणतात. रस आटवणाऱ्या बॉडीच्या कॅलेंड्रियातून, म्हणजे वाफेने तापणाऱ्या ट्यूबांच्या भागातून, हे वायू काढणारी नळी चुकीच्या जागी असेल तर नव्या कोऱ्या ट्यूबा असूनही बॉडी रस आटवत नाही. निदान होईपर्यंत चार पाळ्या जातात आणि तोडलेला ऊस गव्हाणीबाहेर वाळत राहतो. वजन घटते ते शेतकऱ्याचे.

ट्रॅप बिघडला हे कसे ओळखायचे? थर्मोडायनॅमिक ट्रॅपवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावला की तबकडीचा ‘टक्’ आवाज थांबून थांबून येतो. आवाज न थांबता तडतडत राहिला तर सीट झिजली समजा. ट्रॅपनंतरचा तपासणी वॉल्व उघडून पाहण्याची रीतही भरवशाची. तोंडाशी आधी काहीच दिसत नाही आणि बोटभर पुढे पांढरा झोत सुरू होतो, तर जिवंत वाफ वाया जाते आहे. तोंडापासूनच पांढुरके, सुस्त बाष्प येत असेल तर ते गरम पाण्याचे, काळजीचे कारण नाही. पाहताना बाजूला उभे राहावे. आता अल्ट्रासोनिक यंत्रेही मिळतात आणि त्यांसाठी लांब जावे लागत नाही. बॉयलर बनवणारी थरमॅक्स चिंचवडला आहे, स्टीम ट्रॅपसाठी ओळखली जाणारी फोर्ब्स मार्शल कासारवाडीत.

गळती किती महाग पडते ते कागदावर मांडून पाहावे. सात किलो दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे भोक पडले तर तासाला ढोबळमानाने 25 किलो वाफ जाते. दीडशे दिवसांच्या हंगामात झाली 90 टन. एक किलो बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चोथ्यातून, दोन किलोंच्या आसपास वाफ मिळते असे धरले तर एका भोकापायी 40 टनांहून अधिक बगॅस जळाले. लॅगिंग (उष्णता रोखणारे वेष्टन) नसलेला वॉल्व मीटरभर उघड्या पाइपाइतकी उष्णता फेकतो. दुरुस्तीला काढलेले लॅगिंग परत बसवायचे राहते, म्हणून वॉल्वला काढ-घाल करता येणारी जॅकेटे घ्यावीत.

परतीचे कंडेन्सेट तर आयते गरम पाणी. फीडवॉटर सहा अंशांनी वाढले की साधारण एक टक्का इंधन वाचते. पण साखरेचा अंश आलेले पाणी बॉयलरला घातक. म्हणून प्रयोगशाळेत परीक्षानळीत अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकतात, कडेने सल्फ्युरिक आम्ल सोडतात आणि जांभळे कडे उमटते का ते पाहतात. उमटले की ते पाणी बॉयलरकडे न जाता दुसरीकडे वळवणारा वॉल्व हाताशी आणि चालता असलाच पाहिजे.

दाब कमी करणारा वॉल्वही मोठा घेतला म्हणजे चांगला असे नसते. तो कायम किंचित उघडा राहून काम करतो आणि ओली वाफ त्याची सीट कोरून काढते. त्याच्या आधी पाणी वेगळे करणारा सेपरेटर आणि गाळणी, नंतर सेफ्टी वॉल्व, हा क्रम मोडू नये.

सुरक्षेच्या बाबतीत घासाघीस नकोच. कोलकात्यात 1863 मध्ये बॉयलरचा स्फोट झाला आणि त्यातून या देशात बॉयलरचे कायदे सुरू झाले. 1923च्या कायद्याने 3.5 किलोहून अधिक दाबाची किंवा 254 मिलिमीटरहून मोठ्या आतल्या व्यासाची आणि 1 किलोहून अधिक दाबाची स्टीम पाइप, तिच्यावरच्या फिटिंगसह, देखरेखीखाली आणली. त्या कायद्याची जागा आता 2025च्या कायद्याने घेतली आहे. अशा लाइनवरचा वॉल्व घेताना आयबीआरचा (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सचा) थ्री-सी फॉर्म हातात पडल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

कारखान्याच्या संचालकांना आणि डेअरीच्या मालकांना एवढीच विनंती. येत्या ऑफ सीझनमध्ये प्रत्येक ट्रॅपला नंबर द्या, जागा, काम आणि स्थिती वहीत लिहून घ्या. आणि खरेदीच्या बैठकीला लाइनवर काम करणाऱ्या फिटरला बोलवा. दरपत्रके उघडण्याआधी त्याची यादी वाचा.