पराभव कोणता?

सैन्य रणांगणावर लढते. त्याचा शिधा मात्र विधिमंडळाच्या मतावर अवलंबून असतो. नैऋत्य आफ्रिकेत हेरेरो व नामा लोकांचा संहार करणाऱ्या युद्धासाठी जर्मन सरकारने मागितलेला जादा निधी राइशस्टागने १३ डिसेंबर १९०६ रोजी १७७ विरुद्ध १६८ मतांनी फेटाळला. समाजवाद्यांनी कॅथॉलिक सेंटर पक्षाच्या साथीने हा नकार घडविला. सभागृह बरखास्त झाले. राष्ट्रद्रोहाची ओरड झाली आणि १९०३ मध्ये ८१ जागा मिळविणाऱ्या समाजवाद्यांना १९०७ मध्ये अवघ्या ४३ मिळाल्या. १९१२ मध्ये त्या ११० झाल्या. पण ४ ऑगस्ट १९१४ रोजी याच पक्षाने महायुद्धाच्या कर्जास संमती दिली! ४३ उरले तेव्हा पक्ष हरला, असे म्हणतात. आमच्या मते तो हरला ११० असताना.