डहाणू-तलासरीत खाजगी वैद्यक

आषाढात भाताची लावणी सुरू झाली की डहाणू व तलासरी तालुक्यांतील सरकारी दवाखान्यांत सर्पदंशाचे रोगी येऊ लागतात. त्यांत मण्यार फार वाईट. जमिनीवर निजलेल्या माणसास ती रात्री दंश करते. वेदना अशी फारशी होत नाही, आणि पहाटेपर्यंत श्वास अडखळू लागतो. त्यावर उपाय प्रतिविषाचा. सापाचे विष अल्प मात्रेने घोड्यास टोचतात व त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये काढून कुप्यांत भरतात. हे विष बहुतांशी तामिळनाडूतील साप पकडणाऱ्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. कुप्या भरणारे कारखाने बरेचसे खाजगी; त्यांपैकी एक जुन्नर तालुक्यातच, नारायणगावी आहे. रोग्याला मात्र ती कुपी सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.

हा व्यवहार जमतो, कारण कारखान्याचे गिऱ्हाईक सरकार आहे. जेथे गिऱ्हाईक स्वतः रोगी, तेथे तो जमत नाही. २०११ च्या शिरगणतीत तलासरीची वस्ती दीड लाखाहून थोडी अधिक भरली. दहांतले नऊ जण आदिवासी. भाताचे एक पीक निघाले की पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. अशा मुलखात पदरच्या पैशाने शस्त्रक्रियागृह उघडणारा डॉक्टर कोठून यावा? तो वापीची वाट धरतो, आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

म्हणूनच धुंदलवाडीनजीक सासवंद येथे २०१७ साली खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तेथील गणितच निराळे. पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो. परंतु खाटा रिकाम्या राहिल्या तर महाविद्यालयाची मान्यता धोक्यात येते. गरीब रोग्याला संस्थेची आणि संस्थेला गरीब रोग्याची गरज पडावी, असा हा विरळा योग होय.

इतरत्र खाजगी संस्थेस पैसा सरकारच पुरविते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून अशाच कराराने धावतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत खाजगी रुग्णालयास ठराविक उपचारांचे ठराविक दर मिळतात. परंतु पाड्यावरील गर्भवतीचे रक्त तपासणे, तिला गोळ्या नेऊन देणे, या कामाचे बिल कोणत्याही रुग्णालयाला करता येत नाही. ते उपकेंद्रातील परिचारिकेकडेच राहते. आदिवासी भागात दर तीन हजार लोकांमागे असे एक उपकेंद्र असावे, असे सरकारी प्रमाण आहे.

मण्यारीच्या रोग्याला प्रतिविष टोचल्यावरही कित्येकदा श्वासयंत्र लागते. ते मोठ्या रुग्णालयात असते, आणि तेथवर रुग्णवाहिका नेते. पाड्यापासून सडकेपर्यंत मात्र रोग्याला अजून पुष्कळदा झोळीत घालूनच आणावे लागते.