कांद्याचं टरफल आणि रक्तातल्या पेशी

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या ओतल्या, की खाली तांबूस पापुद्र्यांचा थर साचतो. पायाखाली चुरचुरणारा हा पाचोळा शेवटी झाडून टाकला जातो. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतीतलं एक रसायन) सर्वांत दाट असतं ते नेमकं याच सुक्या टरफलात! त्याखालोखाल बाहेरच्या पाकळ्यांत. गाभ्याकडे ते कमी होत जातं. पांढऱ्या कांद्यात तर ते नावालाच.

बाजारात क्वेर्सेटिन असलेल्या अशा वनस्पतींचे अर्क ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकले जातात. क्वेर्सेटिनबाबत प्रयोगशाळेत दिसतं ते बरंचसं उलट.

आपल्या नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात, रक्तात त्यांच्यासारख्याच बेसोफिल. दोन्हींच्या पोटात हिस्टामिनचे कण ठासून भरलेले. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या नाकात परागकण शिरले, की हिस्टामिनचे हे कण बाहेर फेकले जातात आणि शिंका सुरू होतात. संशोधक इलियट मिडलटन यांनी 1984 साली माणसाच्या बेसोफिल पेशींवर क्वेर्सेटिन वापरून पाहिलं, तेव्हा हिस्टामिन सुटणं घटलं. पुढे जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमध्येही दाह पेटवणारे संदेश मंदावताना आढळले. म्हणजे इथे पेशींना जोर चढत नाही, त्यांचा आवेग आवरला जातो. हा फरक गिऱ्हाइकाला सांगितलाच पाहिजे.

शिवाय काचेच्या बशीतली पेशी आणि जिवंत माणूस यांत मोठं अंतर आहे. आतडं आणि यकृत क्वेर्सेटिनचं रूप पालटून टाकतात. बशीत वापरतात तेवढं प्रमाण जेवणातून रक्तात येतच नाही. तरी अन्नाचं पारडं इथे जड निघालं: 1995 च्या एका डच अभ्यासात कांद्यातलं 52 टक्के क्वेर्सेटिन शोषलं गेलं, शुद्ध स्वरूपात दिलेलं 24 टक्केच. कांद्यात ते ग्लुकोजला जोडलेलं असतं, त्याचा हा फायदा.

अर्काच्या चाचणीत आणखी एक खोडा असतो. वनस्पतीवरच्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन अर्कात उतरलं, तर त्याच्या लेशमात्र अंशानेही पेशी खवळतात आणि श्रेय मात्र वनस्पतीला जातं. म्हणून अर्क आधी त्यासाठी तपासावा लागतो. ही तपासणी सांगितलेली नसेल, तर ‘पेशी सक्रिय झाल्या’ या दाव्यावर विसंबू नये.

स्वयंपाकघरात मात्र एवढं सहज जमतं: कांदा सोलताना सुकं टरफल तेवढंच काढावं, बाहेरची रसरशीत लाल पाकळी टाकू नये. उकळल्यावर क्वेर्सेटिन पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी रश्श्यातच राहू द्यावं.