मातेचे हृदय आणि नवजात बालक

गरोदरपणात स्त्रीच्या शरीरातील रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते व हृदयाचे काम त्या प्रमाणात वाढते. निरोगी हृदय हा भार सहज पेलते. परंतु लहानपणी घसादुखीमागून आलेल्या संधिवातज्वराने हृदयाची झडप आकसली असेल, तर सातव्या-आठव्या महिन्यात, प्रसूतीसमयी आणि त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जिवावर बेतू शकते. 'दिवस राहिले की दम लागायचाच' असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ राहतात. मात्र आडवे होताच श्वास कोंडणे, रात्री दम लागून उठून बसावे लागणे ही लक्षणे साध्या गरोदरपणाची नव्हेत.

झडपेचा हा विकार बाळाला जन्मतः होत नाही. मातेलाच जन्मजात हृदयदोष असेल, तर बाळातही दोष असण्याची शक्यता वाढते. एरवी दर हजार जन्मांमागे सुमारे ८ बालकांत असा दोष आढळतो व बहुतेकांत निश्चित कारण सापडत नाही. ग्रहणाचा वा सुनेच्या पायगुणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मातेचा अनियंत्रित मधुमेह आणि पहिल्या तीन महिन्यांतील रुबेला ही कारणे मात्र टाळता येण्याजोगी आहेत.

दूध ओढताना बाळाला घाम येणे, धाप लागून मध्येच थांबणे, जीभ निळसर दिसणे या खुणा अंगणवाडी सेविकेलाही ओळखता येतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. पथक येते त्या दिवशी आजारी म्हणून घरी राहिलेल्या मुलालाच बहुधा तपासणीची अधिक गरज असते. शिक्षकांनी त्याला आवर्जून बोलावून घ्यावे.